डुकरांची साथ आणि डायलिसिसचं इंजेक्शन: २००८ च्या हेपरिन प्रकरणाचा अभ्यास

७ जानेवारी २००८ ला अमेरिकेतल्या मिझुरी राज्याच्या आरोग्य खात्याकडून सीडीसीला, म्हणजे तिथल्या केंद्रीय साथरोग यंत्रणेला खबर गेली की मुलांच्या एका हॉस्पिटलमध्ये डायलिसिसला येणाऱ्या काही मुलांना मशीनवर घेतल्या घेतल्या रिअॅक्शन येतायत. चेहरा सुजतो, छाती धडधडायला लागते, बीपी धाडकन खाली येतं. तपास सुरू झाल्यावर कळलं की हे एका हॉस्पिटलपुरतं नाहीये, १९ नोव्हेंबर २००७ ते ३१ जानेवारी २००८ एवढ्या काळात १३ राज्यांतल्या ११३ पेशंटना मिळून अशा १५२ रिअॅक्शन आल्या होत्या. सगळ्यांमध्ये समान धागा निघाला तो हेपरिनचा, आणि तेही प्रामुख्याने बॅक्स्टर कंपनीच्या वायलमधल्या, म्हणजे इंजेक्शनच्या छोट्या बाटलीतल्या हेपरिनचा.

हेपरिन म्हणजे रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून द्यायचं इंजेक्शन. डायलिसिसमध्ये रक्त नळ्यांमधून फिरतं तेव्हा ते गोठू नये म्हणून लागतं, हार्टच्या ऑपरेशनमध्ये लागतं, सलाइनची लाइन चालू ठेवायला लागतं. हे नसेल तर मोठ्या हॉस्पिटलचं निम्मं काम अडेल.

हे प्रकरण बहुतेक ठिकाणी औषधातल्या भेसळीचं प्रकरण म्हणून सांगितलं जातं, आणि ते आहेच. पण मी ते इथे सप्लाय चेनच्या बाजूने मांडतेय, कारण माझ्या मते याची सुरुवात मिझुरीत झालीच नाही, ती दीड वर्ष आधी चीनमध्ये डुकरांच्या साथीने झाली. आणि मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की या अख्ख्या काळात माल कुठे संपलाच नव्हता. ऑर्डर वेळेवर पोचत होत्या, वायल भरल्या जात होत्या, टेस्ट पास होत होत्या. साथीचा सप्लाय चेनवर काय परिणाम होतो असं विचारलं की आपण पटकन रिकामे शेल्फ, बंद पडलेलं बंदर, अडकलेले कंटेनर असलंच काहीतरी डोळ्यासमोर आणतो, इथे मात्र माल येतच राहिला आणि तेच घातक ठरलं.

आधी ही साखळी कशी आहे ते

हेपरिन कारखान्यात शून्यापासून बनत नाही, ते डुकराच्या आतड्यातून काढतात. कत्तलखान्यातून आतडी निघाली की त्यांचं मुख्य गिऱ्हाईक असतं सॉसेजची आवरणं बनवणारे लोक. आवरणासाठी आतडं साफ करताना आतला जो बुळबुळीत थर खरवडून काढतात त्याच्यातून हेपरिन मिळतं. तो थर रसायनं किंवा एन्झाइम टाकून शिजवायचा, त्यातलं हेपरिन रेझिनवर पकडायचं, मिठाच्या पाण्याने सोडवायचं, अल्कोहोलने खाली बसवायचं आणि वाळवायचं, की झालं क्रूड हेपरिन, म्हणजे कच्चा माल. एक किलो माल मिळवायला काही हजार डुकरांची आतडी लागतात.

चीनमध्ये जगातली जवळपास निम्मी डुकरं आहेत, त्यामुळे कच्चा माल तिथे सगळ्यात जास्त निघणार हे ओघानेच आलं. २००७ च्या सुमाराला हे कच्चं काम बऱ्याच प्रमाणात छोट्या छोट्या वर्कशॉपमध्ये चालायचं, काही तर घरगुतीच होती. त्यांच्याकडून गोळा करणारे व्यापारी माल उचलायचे, दहा ठिकाणचा माल एकत्र करायचे आणि पुढच्या कारखान्याला द्यायचे. बॅक्स्टरच्या बाबतीत तो पुढचा कारखाना म्हणजे जिआंग्सू प्रांतातला चांगझोउ एसपीएल, जो विस्कॉन्सिनच्या सायंटिफिक प्रोटीन लॅबोरेटरीज या कंपनीच्या भागीदारीतला होता. तिथे माल शुद्ध व्हायचा आणि अमेरिकेत येऊन बॅक्स्टरच्या प्लांटमध्ये वायलमध्ये भरला जायचा. त्या वेळी अमेरिकेतलं साधारण निम्मं हेपरिन एकट्या बॅक्स्टरचं होतं.

आता यातली एक गोष्ट नीट बघा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हेपरिनसाठी कोणीही डुक्कर पाळत नाही. डुक्कर पाळतात मटणासाठी, आतडं जातं सॉसेजला, हेपरिन त्याच्याही मागून येणारी गोष्ट. म्हणजे हेपरिनचा भाव दुप्पट झाला काय, चौपट झाला काय, त्याच्यासाठी एकही डुक्कर जास्त जन्माला येणार नाही. साध्या वस्तूचा भाव चढला की उत्पादन वाढतं आणि काही महिन्यांत भाव खाली येतो, ही नेहमीची गोष्ट इथे लागूच पडत नाही. मग भाव चढल्यावर माल वाढवायचा एकच मार्ग उरतो, आणि तो म्हणजे हेपरिन नसलेलं काहीतरी हेपरिनमध्ये मिसळणं. मला वाटतं जिथे जिथे कच्चा माल हा दुसऱ्याच कुठल्या तरी धंद्याचा जोडमाल असतो, तिथे साथीच्या काळात खरेदीवाल्यांनी सगळ्यात आधी याची धास्ती घ्यायला हवी, टंचाईची नंतर.

पण फक्त डुक्करच का?

हा प्रश्न विचारल्याशिवाय प्रकरण पूर्ण होत नाही. कारण पूर्वी हेपरिन गाईगुरांपासूनही बनायचं, अमेरिकेत गुरांच्या फुफ्फुसापासून बनवलेलं हेपरिन कित्येक वर्षं सर्रास वापरात होतं. १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये गुरांच्या मेंदूचा मॅड काऊ डिसीज ओळखला गेला, आणि १९९६ मध्ये ब्रिटिश सरकारने सांगितलं की माणसांत दिसणाऱ्या मेंदूच्या एका नव्या जीवघेण्या आजाराचा याच्याशी संबंध असण्याची दाट शक्यता आहे. त्यानंतर गुरांच्या शरीरातून काढलेली कुठलीही गोष्ट इंजेक्शनमधून माणसाला द्यायची म्हटली की सगळ्यांच्या पोटात गोळा यायला लागला, आणि १९९० च्या दशकात उत्पादकांनी अमेरिकेच्या बाजारातून गुरांचं हेपरिन आपणहून काढून घेतलं. युरोपातही तेच झालं. ब्राझील आणि अर्जेंटिनात मात्र ते चालू राहिलं.

तेव्हाच्या माहितीवर तो निर्णय योग्यच होता असं मला वाटतं, त्याबद्दल कोणाला बोल लावायचा नाहीये. पण त्याचा परिणाम असा झाला की एका जनावराच्या साथीमुळे पुरवठ्याचा दुसरा पाय कापला गेला, आणि सगळा भार एका प्राण्यावर आणि बराचसा एका देशावर आला. म्हणजे २००७ मध्ये जे झालं त्याच्या आधी दहा-पंधरा वर्षं साखळी अरुंद होऊन बसलेली होती, तीही एका साथीमुळेच, आणि तेव्हा कुठेही काही तुटलं नाही म्हणून ते कोणाला जाणवलंच नाही. साथीचा परिणाम मोजताना लोक फक्त ते वर्ष बघतात, साथ गेल्यावर मागे काय कायमचं बदलून ठेवते ते हिशेबात धरतच नाहीत.

ब्लू इअर

२००६ च्या उन्हाळ्यात चीनच्या जिआंग्शी प्रांतात डुकरं भराभर मरायला लागली. अंगात खूप ताप, कातडी लाल-निळी पडायची, गाभण माद्या गर्भ टाकायच्या. सुरुवातीला नुसताच ‘तापाचा आजार’ म्हणत होते, मग कळलं की हा पीआरआरएसचा विषाणू आहे, ज्याला ब्लू इअर म्हणतात, पण त्याचं नवीन आणि फार जहाल रूप. काही महिन्यांत तो दहापेक्षा जास्त प्रांतांत पसरला. चिनी संशोधकांनी २००७ मध्ये छापलेल्या अभ्यासात २० लाखांपेक्षा जास्त डुकरं आजारी पडली आणि साधारण ४ लाख मेली असे आकडे दिले होते. २००७ मध्ये साथ चालूच राहिली, चीनमध्ये पोर्कचे भाव इतके चढले की तिथल्या एकूण महागाईच्या आकड्यातच ते दिसायला लागले.

हा विषाणू माणसाला होत नाही, हे आवर्जून सांगते कारण नाहीतर गैरसमज होतो की आजारी डुकराचं हेपरिन टोचलं म्हणून माणसं आजारी पडली. तसं काहीही नाही. डुकरांचा आजार डुकरांतच राहिला, माणसापर्यंत पोचला तो फक्त त्याचा भाव. आतडी कमी झाली, कच्चं हेपरिन कमी झालं, त्याचा भाव झपाट्याने चढला. आणि साखळीच्या दुसऱ्या टोकाला मागणी तसूभरही हललेली नव्हती, कारण चीनमध्ये डुकरं मेली म्हणून अमेरिकेतल्या पेशंटचं डायलिसिस आठवड्यातून तीनदाचं दोनदा होत नाही.

मधल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. ठरलेला माल ठरलेल्या तारखेला द्यायचाय, वर्कशॉपवाला म्हणतो आतडी नाहीत किंवा दुप्पट दे, पुढचा कारखाना म्हणतो भाव मला परवडत नाही पण माल पाहिजेच. मोठ्या कंपन्यांचे भाव हॉस्पिटलांशी आधीच ठरलेले असतात, त्यामुळे वरची वाढ खाली ढकलता येत नाही आणि सगळा दाब साखळीतल्या सगळ्यात छोट्या, सगळ्यात न दिसणाऱ्या माणसावर येऊन पडतो. यातून भेसळ माफ होत नाही, माणसं मेली आहेत यात. पण दाब कुठे जाऊन पडतो हे समजल्याशिवाय पुढच्या वेळेला बघायचं कुठे हेही कळणार नाही.

आणि तारखा लावून बघा. साथ सुरू झाली २००६ च्या उन्हाळ्यात, पोर्कचे भाव भडकले २००७ मध्ये, पहिल्या रिअॅक्शन नोव्हेंबर २००७ मध्ये. मध्ये वर्षापेक्षा जास्त वेळ होता. डुकरांच्या साथीची बातमी लपलेली नव्हती, जगभरच्या पेपरात येत होती. जनावरांच्या साथीवर नजर ठेवणारे लोक ती वाचत होते, औषधाच्या सेफ्टीवर नजर ठेवणारे लोक दुसऱ्याच टेबलावर बसलेले होते, आणि या दोन टेबलांमध्ये बोलणं व्हावं अशी कुठली सोयच नव्हती.

टेस्ट पास कशी झाली

मार्च २००८ मध्ये एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामक यंत्रणेने सांगितलं की हेपरिनमध्ये हेपरिनसारखंच दिसणारं पण हेपरिन नसलेलं काहीतरी सापडलंय, आणि त्याच महिन्यात त्याचं नावही कळलं, ओव्हरसल्फेटेड कॉन्ड्रॉइटिन सल्फेट. कॉन्ड्रॉइटिन सल्फेट जनावरांच्या कूर्चेतून निघतं, सांधेदुखीच्या गोळ्यांमध्ये घालतात, हेपरिनच्या मानाने कितीतरी पट स्वस्त. पण त्याच्यावर एवढे जास्तीचे सल्फेट गट चिकटलेलं रूप निसर्गात सापडत नाही, ते मुद्दाम रासायनिक प्रक्रिया करून बनवावं लागतं. म्हणजे चुकून काहीतरी पडलं असं म्हणायला जागा फारशी नव्हती. काही सॅम्पलमध्ये ते २ टक्के होतं, काहींत ५० टक्क्यांपर्यंत.

मग इतकी वर्षं वापरात असलेली टेस्ट काय करत होती? ती टेस्ट अशी होती की मेंढीच्या प्लाझ्मामध्ये सॅम्पल टाकायचं आणि गोठायला किती वेळ लागतो ते बघायचं. म्हणजे ती हेपरिनचं काम मोजत होती, ते हेपरिन आहे का हे बघतच नव्हती. आणि हा भेसळीचा पदार्थही थोडंफार गोठणं थांबवतो, त्यामुळे मिसळलेला माल आरामात पास झाला. त्याच सुमाराला चीनमध्ये दुधात आणि जनावरांच्या खाण्यात मेलामाइन हे नायट्रोजनने भरलेलं रसायन घातल्याची जी प्रकरणं झाली त्यातही हेच तत्त्व होतं, तिथे टेस्ट नायट्रोजन मोजत होती आणि त्यावरून प्रोटीन धरलं जात होतं. कोण काय मोजतंय हे साखळीतल्या सगळ्यांना माहीत असतं, आणि पैशाचा दाब आला की माल बरोबर त्या मोजपट्टीला पुरेल एवढाच खरा राहतो.

एमआयटीच्या राम शशीशेखरन यांच्या नेतृत्वाखाली अमेरिका आणि इटलीतल्या शास्त्रज्ञांनी एफडीएच्या लोकांबरोबर काम करून हा पदार्थ एनएमआरने, म्हणजे रेणूची रचना दाखवणाऱ्या तपासणीने पकडला, आणि एप्रिलमध्ये तो शरीरात काय करतो तेही छापलं. रक्तातली एक यंत्रणा तो चेतवतो, ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ सुटतो, रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी कोसळतं. डायलिसिसच्या पेशंटमध्ये हे आधी दिसलं कारण त्यांना हेपरिनचा मोठा डोस एकदम शिरेतून देतात. एवढ्या थोड्या आठवड्यांत हे शोधून काढलं गेलं याबद्दल मला त्या लोकांविषयी मनापासून आदर आहे, नाहीतर हा माल किती दिवस चालू राहिला असता कोण जाणे.

सगळा माल परत घ्यायचा की नाही

यातला मला सगळ्यात अवघड वाटणारा भाग हा. १७ जानेवारी २००८ ला बॅक्स्टरने हेपरिनचे नऊ लॉट, म्हणजे एकेका खेपेत बनवलेला माल, परत बोलावले. पण रिअॅक्शन दुसऱ्या लॉटमध्येही यायला लागल्या. ११ फेब्रुवारीला मल्टी-डोस वायलचं (एका बाटलीत अनेक डोस असतात त्यांचं) उत्पादन थांबवल्याचं जाहीर झालं, तोपर्यंत सुमारे ३५० रिअॅक्शन आणि ४ मृत्यूंचे रिपोर्ट आले होते. तरीही बाजारात असलेला उरलेला माल लगेच परत घेतला नाही! वरवर बघितलं तर हे भयंकर वाटतं, पण निम्मा बाजार एकाच कंपनीचा असल्यावर तो एका दिवसात उचलला तर त्याच दिवशी डायलिसिस आणि हार्ट ऑपरेशनं थांबणार, आणि त्याने किती माणसं जातील हा हिशेब एफडीएला करावा लागला. डॉक्टरांना सांगितलं की शक्यतो दुसरं वापरा, वापरावंच लागलं तर कमीत कमी डोस द्या, हळूहळू द्या, पेशंटवर लक्ष ठेवा. दुसरा मोठा उत्पादक होता एपीपी फार्मास्युटिकल्स, त्याचा माल बाजाराला पुरेल अशी खात्री पटल्यावर २८ फेब्रुवारीला बाकीचा माल परत घ्यायचं ठरलं.

म्हणजे पहिल्या रिकॉलपासून पूर्ण रिकॉलपर्यंत सहा आठवडे गेले, आणि ते आठवडे जाण्याचं कारण विज्ञानाचं जेवढं होतं तेवढंच सप्लायचं होतं. दुसरा उत्पादक होता म्हणून निदान सहा आठवड्यांत सुटलं. तोही नसता तर संशय असलेलं औषधच नाइलाजाने वापरत राहावं लागलं असतं. खरेदीवाले दुसरा सप्लायर ठेवण्याचा विचार नेहमी ‘पहिल्याचा माल थांबला तर’ एवढ्याच अंगाने करतात, पण पहिल्याचा माल आपण थांबवायची वेळ आली तर थांबवता यावा, त्यासाठीही तो लागतो, आणि हे मी फार थोड्या ठिकाणी कोणाला मांडताना बघितलंय.

त्या वसंतात एफडीएने ८१ मृत्यूंचा आकडा दिला. हे असे मृत्यू होते ज्यांच्यात हेपरिन दिलं गेलं होतं आणि अॅलर्जीसारखी किंवा बीपी पडल्याची लक्षणं होती. डायलिसिसवरचे लोक आधीच खूप आजारी असतात, त्यामुळे प्रत्येक मृत्यू हेपरिननेच झाला असं सिद्ध करता येत नाही, आणि हा आकडा वापरताना ही अट सोबत सांगायला हवी, बरेच जण ती गाळतात.

जर्मनीतही दुसऱ्या कंपनीच्या हेपरिनने रिअॅक्शन आल्या आणि तिथेही माल परत घेतला गेला. शेवटी भेसळीचं हेपरिन ११ देशांत सापडलं, त्यात जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, फ्रान्स असे देश होते, आणि माग काढत गेल्यावर चीनमधल्या १२ कंपन्यांपर्यंत धागे गेले. म्हणजे एका कारखान्यात एका माणसाने केलेलं हे काम नव्हतं.

तपासणी कोणी केली होती

सरकारी यंत्रणांपैकी कोणीच नाही. एफडीएने चांगझोउचा कारखाना मंजूर करताना प्रत्यक्ष जाऊन बघितलाच नव्हता, कारण नावाच्या सारखेपणामुळे गोंधळ होऊन दुसऱ्याच एका कारखान्याची नोंद यांच्या नावाने धरली गेली. चीनच्या औषध खात्यानेही बघितला नव्हता, कारण त्यांच्या कागदावर तो औषधाचा कारखाना नव्हता, केमिकलचा होता. दोन्ही देशांचे नियम आपापल्या जागी होते आणि हा कारखाना बरोबर त्या दोन नियमांच्या मधल्या फटीत बसला होता. एफडीएचे लोक शेवटी गेले फेब्रुवारी २००८ मध्ये, एप्रिलमध्ये वॉर्निंग लेटर दिलं. पण त्याच्याही मागे, जिथे भेसळ झाली असण्याची जास्त शक्यता होती त्या गोळा करणाऱ्यांकडे, त्यांना पूर्ण तपास करू दिला गेला नाही.

२९ एप्रिलला अमेरिकन काँग्रेससमोर सुनावणी झाली. बॅक्स्टर आणि एसपीएल दोघांचंही म्हणणं होतं की माल आमच्यापर्यंत यायच्या आधीच भेसळ झालेली होती. चिनी अधिकाऱ्यांनी तर या पदार्थामुळेच रिअॅक्शन आल्या हेच मान्य केलं नाही. भेसळ नेमकी कोणी आणि कुठे केली हे आजपर्यंत सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे ब्लू इअरची साथ आणि भेसळ यांच्यातला दुवाही कोणाच्या कबुलीवर उभा नाहीये, तो तारखा, भाव आणि कच्च्या मालाचं स्वरूप यांच्यावरून काढलेला आहे. मला तो पटतो, पण तो कशावर उभा आहे हे वाचणाऱ्याला माहीत असावं.

माग लागला नाही याचं एक कारण मात्र साखळीच्या रचनेतच आहे. दहा वर्कशॉपचा माल एका पिंपात ओतला की त्या क्षणी मागची ओळख पुसली जाते, आणि नंतर कितीही कागद मागवले तरी कुठल्या गावच्या मालात काय होतं ते सांगता येत नाही. टंचाईत हे मिसळणं आणखी वाढतं, कारण नेहमीच्या माणसाकडे माल नसला की व्यापारी अनोळखी माणसाकडून घेतो.

नंतर काय बदललं

टेस्ट पहिल्यांदा बदलल्या. २००८ मध्येच अमेरिकेच्या फार्माकोपियाने, म्हणजे औषधांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने एनएमआर आणि कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस (विजेच्या मदतीने मिश्रणातले पदार्थ वेगळे करणारी तपासणी) आणलं, म्हणजे आता पदार्थाची ओळखच पटवली जायला लागली. ऑक्टोबर २००९ पासून ताकद मोजायची पद्धतही बदलली आणि त्यात अमेरिकेतलं एक युनिट आधीपेक्षा साधारण १० टक्क्यांनी कमी ताकदीचं झालं. हे वाचायला तांत्रिक वाटतं, पण हॉस्पिटलच्या स्टोअरचा विचार करा, काही महिने जुना आणि नवा माल शेजारी शेजारी, लेबलवर युनिट सारखेच आणि ताकद वेगळी. बहुतेक उत्पादकांनी नव्या मालाच्या लॉट नंबरजवळ ‘एन’ अक्षर छापलं आणि एफडीएने डॉक्टरांना डोसकडे लक्ष द्यायला सांगितलं.

नोव्हेंबर २००८ मध्ये एफडीएने चीनमध्ये ऑफिसं उघडली. २०१२ च्या कायद्याने औषधांच्या परदेशी साखळीवर त्यांना जास्त अधिकार मिळाले. आणि जून २०१३ मध्ये त्यांनी क्रूड हेपरिनसाठी सूचना काढल्या, ज्यात प्रत्येक लॉटमध्ये ही भेसळ आहे का ते बघायचं आणि माल खरंच डुकराचाच आहे का, त्यात गुरांचा माल मिसळलाय का तेही बघायचं. मॅड काऊची भीती अशी फिरून पुन्हा कच्च्या मालाच्या टेस्टमध्ये येऊन बसली, कारण डुकरं कमी पडली तर पुढची भेसळ गुरांच्या आतड्याची असणार हे उघड होतं. या सगळ्या उपायांमध्ये मला ही कच्च्या मालाची तपासणी सगळ्यात मोलाची वाटते, कारण ती दाब पडतो त्या जागेच्या सगळ्यात जवळ जाते.

खरी परीक्षा दहा वर्षांनी आली. ऑगस्ट २०१८ मध्ये चीनच्या लिआओनिंग प्रांतात आफ्रिकन स्वाइन फिव्हर सापडला. हाही माणसाला होत नाही, पण डुकरासाठी जवळपास हमखास मरण, आणि तेव्हा लस नव्हती. २०१९ संपेपर्यंत चीनमधली डुकरांची संख्या साधारण ४० टक्क्यांनी घसरली, म्हणजे ब्लू इअर त्याच्यासमोर काहीच नाही. हेपरिनच्या कच्च्या मालाचे भाव पुन्हा चढले. पण या वेळी दोन टेबलांमध्ये बोलणं झालं, जुलै २०१९ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या ज्या समितीने २००८ मध्ये सुनावणी घेतली होती तिनेच एफडीएला पत्र लिहून विचारलं की डुकरांच्या या साथीचा हेपरिनवर काय परिणाम होणार आणि तुमची तयारी काय. २००८ सारखी मोठ्या प्रमाणावरची भेसळ या वेळी झाली नाही. लगेच पुढच्या वर्षी कोविड आला आणि त्यात रक्ताच्या गुठळ्या होतात म्हणून हेपरिनची मागणी वाढली, म्हणजे एका साथीने पुरवठा कापलेला आणि दुसरीने मागणी वाढवलेली.

पण साखळीची रुंदी अजून तेवढीच आहे. एनॉक्सापॅरिनसारखी नवीन इंजेक्शनंही डुकराच्याच हेपरिनपासून बनतात, त्यामुळे ती पर्याय वाटली तरी कच्च्या मालाच्या दृष्टीने पर्याय नाहीत. फोंडापॅरिनक्स पूर्ण कृत्रिम आहे पण त्याचा परिणाम प्रोटामिन हा हेपरिनचा उतारा देऊन उतरवता येत नाही, त्यामुळे हार्टच्या ऑपरेशनला ते चालत नाही. राहिलं गुरांचं हेपरिन. २००८ नंतर काही वर्षांनी एफडीएच्या सल्लागार मंडळासमोर ते परत आणायचा विषय आला आणि पुढे एफडीएने उत्पादकांना त्यासाठी उघडपणे प्रोत्साहनही दिलं. मॅड काऊची भीती कमी झालीये, टेस्ट सुधारल्यात, गुरं जगात भरपूर आहेत. अडचण अशी की गुरांच्या आतड्यातल्या हेपरिनची ताकद वजनामागे डुकराच्या मालापेक्षा बरीच कमी असते, त्यामुळे दोन्ही अदलाबदलीने वापरता येत नाहीत, वेगळं लेबल, वेगळी मानकं, वेगळा स्टॉक ठेवावा लागतो, ब्राझीलने तसं केलंही. हा सगळा खर्च उत्पादकाने आत्ता करायचा आणि त्याचा उपयोग डुकरांची पुढची साथ येईल तेव्हा होणार, तोपर्यंत हॉस्पिटलं स्वस्तातलं डुकराचं हेपरिनच घेणार. मला वाटतं हॉस्पिटलांसाठी एकत्र खरेदी करणाऱ्या संस्थांनी ठरावीक हिस्सा गुरांच्या हेपरिनचा घेऊ असं आधीच लिहून दिल्याशिवाय कुठलीही कंपनी यात उतरणार नाही.